साडेतीनशे किलोंची शिदोरी

"उरलं तर ओझं, सरलं तर माझं."

हे वाक्य त्या खोलीत इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की भिंतींनाही पाठ झालं असेल. बोलणारा माणूस मात्र एकच. वय सत्तावन्न, अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात सदैव एक टोकदार शिसपेन्सिल. धंद्यानं विमानांचा डिस्पॅचर.

डिस्पॅचर म्हणजे जमिनीवर बसलेला अर्धा वैमानिक. विमान कुठल्या वाटेनं जाईल, किती उंचीवरून जाईल, वर वारा कसा आहे, उतरायची जागा बंद निघाली तर दुसरी कुठली, आणि या साऱ्याला तेल किती लागेल, हे तो ठरवतो. त्या कागदाखाली दोन सह्या पडतात. एक कॅप्टनची, एक त्याची. कॅप्टन आपल्या सहीसकट आभाळात जातो. दुसरी सही खाली बसून राहते, विमान उतरेपर्यंत.

या माणसाला सगळे शिदोरीकाका म्हणत. कारण हिशेबानं जेवढं तेल निघेल, त्यावर ते आपलं थोडं घालत. कधी दोनशे किलो, कधी साडेतीनशे. आई लेकराला प्रवासाला धाडताना दोन घास जास्तीचे बांधते, तसं. कॅप्टन लोक उड्डाणाआधी टेलिफोन करत आणि विचारत, "काका, बांधली का शिदोरी?" काका म्हणत, "बांधली." मग कॅप्टन निश्चिंत. तेवीस वर्षं हा सवालजवाब चालला होता आणि तेवीस वर्षांत 'बांधली' हा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता.

खोली तळमजल्यावर होती. सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर तीन पडदे, गार हवेच्या यंत्राखाली ठिबकणारं पाणी झेलायला एक निळी बादली. एकच खिडकी, तीही गाड्या लावायच्या जागेकडं उघडणारी. पलीकडं कॅन्टीनचं पत्र्याचं धुराडं. गंमत अशी, की शेकडो विमानांची वाट आखणाऱ्या त्या खोलीतून एकही विमान दिसत नसे. विमान म्हणजे पडद्यावरचा हिरवा ठिपका. तो सरकत असला की समजायचं, सगळं ठीक.

दोन वर्षांपूर्वी खोलीत नवं सॉफ्टवेअर आलं. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं. ताई म्हणजे चाळिशीतल्या डिस्पॅचर, जिभेनं तिखट, मनानं मऊ. म्हणाल्या, "याला गार खोलीत ठेवायचं, मागेल ते द्यायचं, आणि चुकला तरी चुकला म्हणायचं नाही. जावई नाही तर काय!" तेव्हापासून सॉफ्टवेअरचं नाव जावईबापू.

खोटं का बोला, जावईबापू मूर्ख नव्हते. काकांना पेन्सिलीनं ज्या कामाला पाऊण तास लागे, ते जावईबापू पापणी लवायच्या आत करत. शंभर वाटा तपासून शंभरातली सगळ्यात काटकसरीची काढून देत. पण जे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं, ते त्यांना माहीत नव्हतं. आणि आपल्याला ते माहीत नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.

उदाहरणार्थ, दरीतलं विमानतळ. तिथं रोज सकाळी एक लहान विमान जाई, बासष्ट माणसांचं. दरीत धुकं असलं तर उतरायची दुसरी जागा म्हणून जावईबापू नेहमी जवळचं नदीकाठचं विमानतळ सुचवत. अंतर कमी म्हणून तेल कमी. दोन्ही ठिकाणांचा हवामानाचा अंदाज वेगवेगळा येई, दोन्ही हिरवे दिसत. पण ती दोन्ही ठिकाणं एकाच नदीची लेकरं होती. एकाच पांघरुणात झोपलेल्या दोन भावांसारखी. नदीनं धुक्याची चादर ओढली की दोघंही एकदमच गडप. म्हणून काका दुसरी जागा बदलून पठारावरचं विमानतळ घालत. ते डोंगरापलीकडं, लांब, पण कोरडं. त्यासाठी लागत साडेतीनशे किलो जास्ती.

पठार मात्र रोज घालत नसत. ठरवण्याआधी एक टेलिफोन करत. दरीतल्या विमानतळावर आगीचा बंब सांभाळणारा एक माणूस होता. त्याला काकांनी कधी पाहिलं नव्हतं, चौदा वर्षं फक्त आवाजाची ओळख. त्याच्या दारातून पलीकडच्या वीटभट्टीचा धूर दिसे.

"धूर काय म्हणतोय?" काका विचारत.

"धूर उभा आहे, काका. मीच आडवा आहे अजून."

धूर उभा, तर धुकं नाही. धूर नदीवर लोळायला लागला, तर दीड-दोन तासांत दरी बंद. हवामान खात्याचं यंत्र हे सांगायला उशीर करी. धूर करत नसे.

आता अडचण अशी झाली होती, की जावईबापूंचं म्हणणं बदलायचं तर पडद्यावर एक यादी उघडे. वर लिहिलेलं, 'कारण निवडा.' खाली अकरा कारणं. वादळ, बर्फ, धावपट्टीची दुरुस्ती, विमानांची गर्दी, असली. त्यात 'वीटभट्टीचा धूर लोळतोय' असं कारण नव्हतं. शेवटचं होतं 'अन्य'. ते दाबलं की वरच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर लाल दिवा लागे. मग साहेब टेलिफोन करत, नाहीतर जिना उतरून येत.

"काका, ते साडेतीनशे किलो वाहून न्यायलासुद्धा तेल जळतं. तुमची शिदोरी वाटेत स्वतःलाच खाते."

"खाऊ दे की साहेब. माणसं तर उपाशी जात नाहीत."

"तुमचा महिन्याचा आकडा बघा. सगळ्यांचे हिरवे, तुमचा एकट्याचा लाल."

"उरलं तर ओझं, साहेब. सरलं तर माझं."

साहेब मान हलवून वर जात. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही कुणीतरी वरचा होता.

दोन वर्षं काका रोज भांडले आणि रोज जिंकले.

मधल्या काळात काकांची बायको गेली.

दुखणं तीन आठवड्यांचं. गेली तेव्हा काका रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराचा माणूस. चौथ्या दिवशी कामावर आले, खुर्चीवर बसले, वारा वाचला, सह्या केल्या. तेव्हापासून अकरा महिने हेच. भेटेल तो विचारी, "कसे आहात काका?" काका म्हणत, "बरं आहे." जिना चढताना, डबा उघडताना, घराचं कुलूप काढताना, "बरं आहे." एकदा चहानं जीभ पोळली, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो, चिमटा काढला तरी कळत नाही. तसं काहीतरी होतं. फक्त पायापुरतं नव्हतं.

त्या रविवारी मुलगी आली. लग्न झालेली, दुसऱ्या गावात नोकरी करणारी. दोन मोठ्या पिशव्या घेऊन आईचं कपाट आवरायला बसली. काका दारात उभे राहिले.

"बाबा, हा स्वेटर ठेवू?"

"ठेव."

"की देऊन टाकू?"

"दे."

"बाबा, ठेवू की देऊ?"

"तुला बरं वाटेल तसं कर."

मुलगी फरशीवर बसली होती. तिनं स्वेटर मांडीवर घेतला, त्याची बटणं लावली, मग परत काढली. म्हणाली, "आई तुमचा डबा भरायची ते आठवतं? तुम्ही रोज कुरकुरायचात, एवढं कशाला, परत आणावं लागतं. आणि ती काय म्हणायची?"

"उरलं तर ओझं," काका म्हणाले.

"सरलं तर माझं," मुलगी म्हणाली आणि स्वेटरमध्ये तोंड घालून रडायला लागली.

तर ते वाक्य मुळात तिचं होतं. काकांनी ते डब्यासारखंच घरून कामावर नेलं होतं.

काकांनी मुलीकडं पाहिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा हे त्यांना कळत होतं. हात कुठून हलवायचा, तेवढं सापडेना.

"चहा टाकू?" त्यांनी विचारलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "एकदा तरी ओरडा माझ्यावर. सगळं कपाट रिकामं करतेय मी."

"चहा टाकतो," काका म्हणाले.

संध्याकाळी दोन्ही पिशव्या गेल्या. कपाटात रिकामे हँगर राहिले. ते कपाट उघडलं की एकमेकांवर आपटून वाजत.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी सहाला काका टेबलावर आले. खिडकीबाहेर नुकतं उजाडत होतं. पहिलं काम दरीच्या विमानाचं. त्यांनी टेलिफोन उचलला.

"धूर काय म्हणतोय?"

"लोळतोय, काका. गाढवासारखा लोळतोय नदीवर. आज काही खरं नाही."

"बरं," काका म्हणाले. वहीत तारीख टाकली आणि पुढं लिहिलं, 'लोळतोय.'

पडद्यावर जावईबापूंचा प्लॅन तयार होता. दुसरी जागा, नदीकाठ. दोन्ही हिरवे. काकांनी बदलायला बोट लावलं. यादी उघडली. कारण निवडा. त्यांनी अकराच्या अकरा कारणं वाचली, अनोळखी गावातल्या दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तशी. शेवटी 'अन्य'. अन्य दाबायचं. मग लाल दिवा. मग साहेबांचा टेलिफोन. मग नदी सांगायची, धूर सांगायचा, दोन भावांचं पांघरूण सांगायचं. एरवी यातल्या प्रत्येक 'मग'ला त्यांच्याकडं उत्तर असे, पोटातून एक ऊब वर येई, राग म्हणा की भीती म्हणा, आणि ती ऊबच बोट दाबून घेई. त्या दिवशी त्यांनी पोहरा आत सोडला आणि तो कोरडाच वर आला.

पडद्याच्या कोपऱ्यात दुसरं बटण होतं, 'मान्य'. काकांनी ते दाबलं. यादी मिटली. काकांनी सही केली.

सहा वाजून वीस मिनिटांनी टेलिफोन वाजला. पलीकडं कॅप्टनबाई. वीस वर्षांपूर्वी ही पोरगी नवी सहवैमानिक म्हणून याच खोलीत आली होती. वाऱ्याचा नकाशा वाचायला तिला काकांनीच शिकवलं. आता ती स्वतः दुसऱ्यांना शिकवायची परीक्षा देणार होती.

"काका, मला उशीर झालाय. जिन्यातूनच बोलतेय. बांधली ना शिदोरी?"

"बांधली," काका म्हणाले.

खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. खरं बोलायचंही नव्हतं. अकरा महिने 'बरं आहे' ज्या जागेतून येत होतं, तिथूनच हाही शब्द आला.

"मग मी डोळे मिटून सही करते."

"कर."

आणि तिनं खरंच केली. तेवीस वर्षं न मोडलेल्या शब्दावर आकडा कोण मोजतं?

सात वाजून बावन्न मिनिटांनी ताई म्हणाल्या, "काका, दरी गेली धुक्यात."

हिरवा ठिपका दरीशी आला, खाली उतरला, पुन्हा वर चढला. कॅप्टनबाईंना धावपट्टी दिसली नव्हती. नियमाप्रमाणे ठिपका नदीकाठाकडं वळला. काका बघत होते. पुढं काय होणार ते त्यांना माहीत होतं. कुणी तोंडपाठ गोष्ट सांगावी तसं ते होत गेलं. आठ वाजून सात मिनिटांनी नदीकाठही गेला.

ताईंनी जावईबापूंना विचारलं, आता पठारावर न्यायचा प्लॅन दे. पडद्यावर एक ओळ आली. 'योजना तयार होऊ शकत नाही. इंधन किमान मर्यादेपेक्षा कमी.' ताईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तीच ओळ. कायद्यानं जेवढं तेल शिल्लक पाहिजे, त्याहून कमी धरून हिशेब करायचाच नाही, असं जावईबापूंना शिकवलेलं. ज्या वेळी हिशेबाची खरी गरज, नेमक्या त्याच वेळी ते तोंड फिरवून बसले.

"जावई रुसला," ताई म्हणाल्या. आवाज फाटला होता.

काकांनी खिशातली पेन्सिल काढली. प्लॅनचा कागद उलटा केला. तेल एकतीस मिनिटांचं. पठार सरळ रेषेत चोवीस मिनिटं, उतरायला वाट मोकळी मिळाली तर. सकाळचा वारा त्यांच्या डोक्यात होता. दहा हजार फुटांवर पाठीमागून चांगला जोर होता. त्यांनी तीन ओळींत भागाकार केला आणि रेडिओचं बटण दाबलं.

"दहा हजारावर राहा. वर चढू नकोस, तेल खाईल. नाक पूर्वेला धर. वीस मिनिटांत पठार. मी त्यांना वाट मोकळी करायला सांगतो."

पलीकडं खरखर. मग कॅप्टनबाईंचा आवाज.

"काका, तुम्ही तर म्हणालात..."

वाक्य तिथंच राहिलं. तिनं काटा बघितला असणार. ते न बांधलेले साडेतीनशे किलो तिला तिथं दिसले नसणार.

"ठीक," ती म्हणाली. "दहा हजार. पूर्वेला."

वीस मिनिटं खोलीत बादलीत पडणाऱ्या थेंबांचा तेवढा आवाज होता. मग ठिपका पठारावर टेकला. टाकीत अकरा मिनिटांचं तेल होतं. बासष्ट माणसं उतरली. त्यातल्या बऱ्याच जणांनी तक्रार केली, की आम्हाला भलत्याच गावी आणून सोडलं, आता बस कोण देणार?

ताई टेबलावर डोकं टेकून रडत होत्या. काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. कागद सुलटा केला.

"ताई, चहा सांगा," ते म्हणाले.

चौकशी बसली नवव्या दिवशी. त्या सकाळी साहेब स्वतः खाली आले आणि काकांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले.

"काका, घाबरू नका. तुम्हाला काही होत नाही. प्लॅन नियमात, सही नियमात. खरं सांगू? दोन वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही यादीबाहेर गेला नाहीत."

"आणि तिला?"

"कॅप्टनला? तेल कमी वाटलं तर वाढवून मागायचा अधिकार कॅप्टनला असतो. मागितलं नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "वर्षभर उडणं बंद. ती शिकवायची परीक्षा तर विसराच. काका, कुणाचं तरी नाव लिहावं लागतं. यंत्राचं लिहिता येत नाही."

काकांनी मान हलवली. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ.

वरच्या खोलीत लांब टेबल होतं. टोकाला चौकशी अधिकारी, पांढऱ्या भुवयांचे, स्वतः एके काळी वैमानिक. एका बाजूला साहेब, समोर कॅप्टनबाई, टोपी मांडीवर. काका दाराजवळच्या खुर्चीत.

"रेडिओवर तुमचं एक अर्धवट वाक्य आहे," अधिकारी कॅप्टनबाईंना म्हणाले. "'काका, तुम्ही तर म्हणालात.' काय म्हणाले होते ते?"

"काही नाही. घाईत माणूस काहीही बोलतो."

"धुक्याचा हंगाम, दरीतलं विमानतळ, तेल नेमकं. तुम्ही वाढवून का नाही मागितलं?"

"चुकलं," कॅप्टनबाई म्हणाल्या. "सही माझी आहे."

त्यांनी काकांकडं पाहिलं नाही. साहेबांचे खांदे सैल झाले. अधिकाऱ्यांनी लिहायला घेतलं. लिहिताना ते तोंडानं पुटपुटत, म्हणून शब्द सगळ्यांना ऐकू आला. "निष्काळजीपणा."

काकांना वाटलं होतं, आपण गप्प बसू. गप्प बसणं सोपं होतं. अकरा महिने दुसरं काही केलंच नव्हतं. पण तो शब्द त्या पोरीच्या नावापुढं पडला आणि काका उठून उभे राहिले. का उठलो, हे त्यांनाही उठल्यावर कळलं.

"साहेब, त्या सकाळचा सहा वीसचा टेलिफोन लावा."

डिस्पॅचच्या टेलिफोनवरचं सगळं बोलणं साठवलेलं असतं. असतं हे सगळ्यांना माहीत, मागत कुणी नाही.

"काका, त्याची काही गरज नाही," साहेब म्हणाले.

"काका, नको," कॅप्टनबाई म्हणाल्या.

"लावा," अधिकारी म्हणाले.

खोलीत जिना चढणाऱ्या बुटांचा आवाज आला. मग, "बांधली ना शिदोरी?" मग, "बांधली."

काकांनी आपला आवाज ऐकला. वेळ सांगणाऱ्या यंत्राच्या आवाजात असतो, इतकाही सूर त्यात नव्हता. असा आवाज आपण अकरा महिने लोकांना देत होतो आणि लोक घेत होते, याचं त्यांना थोडं नवल वाटलं.

शिदोरी म्हणजे काय, ते त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. वही पुढं ठेवली. 'लोळतोय' या शब्दावर बोट ठेवलं आणि धूरही सांगितला, नदीही सांगितली.

"म्हणजे दोन्ही ठिकाणं बंद होणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तेल का नाही वाढवलं? यादीत कारण नव्हतं म्हणून?"

इथं पळवाट होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद. आणि खोटी नव्हती.

"यादीत कारण नव्हतं, हे खरं आहे," काका म्हणाले. "पण ते दोन वर्षं नव्हतं. आणि दोन वर्षं मी बांधत होतो."

"मग त्या दिवशी काय झालं?"

काकांनी वही मिटली.

"त्या दिवशी मला काही वाटलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच वाटलं नाही. भीती वाटायला पाहिजे होती, ती आली नाही. यंत्राला नदी माहीत नव्हती. मला माहीत होती. धूर लोळतोय हे कळूनसुद्धा ज्याला भीती वाटत नाही, त्यानं त्या खुर्चीत बसू नये. ही पोरगी माझ्या शब्दावर गेली. शब्द पोकळ होता."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "याचा परिणाम तुम्हाला कळतो ना? परवाना जाईल. तीन वर्षं राहिलीत तुमची."

"कळतं," काका म्हणाले. "सरलं ते माझं."

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि वहीशेजारी ठेवलं. मग वही उचलून घेतली, ओळखपत्र राहू दिलं. अधिकाऱ्यांनी मघाचा शब्द खोडला. एकदा खोडून भागलं नाही, म्हणून आणखी एक रेघ ओढली.

जिन्यावर कॅप्टनबाईंनी त्यांना गाठलं. आभार मानायला नव्हे. रागानं बाईंचे कान लाल झाले होते.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी काय दूधपितं पोर आहे? कागद न बघता सही मीच केली ना?"

"केलीस. ते तुझं तू बघ. माझं मी बघितलं."

"आता घरी बसून काय करणार आहात?"

कॅप्टनबाईंचा राग तिथंच ओसरला. त्यांनी काकांच्या बाहीला हात लावला.

"कसे आहात काका?"

काकांचं तोंड उघडलं. 'ब' ओठावर आला. तो त्यांनी तिथंच धरला. जिन्याच्या कठड्यावर हात टेकला. झोपलेल्या पायात रक्त परत येताना एखादी मुंगी चावते, तशी एक कुठंतरी चावली. एकच.

"माहीत नाही ग," ते म्हणाले.

खाली येऊन त्यांनी थर्मास घेतला, डबा घेतला. वही ताईंपुढं ठेवली. पहिल्या पानावर बंबवाल्याचा नंबर होता.

"रोज सकाळी धूर विचारत जा."

"आणि 'अन्य' दाबलं की साहेब येतील भांडायला," ताई म्हणाल्या. डोळे पुसत म्हणाल्या.

"येऊ दे. भांडा. जोवर भांडावंसं वाटतंय, तोवर भांडा."

"आणि नाही वाटलं एखाद्या दिवशी?"

"त्या दिवशी रजा टाका."

काका निघाले. दार त्यांच्या मागं आपोआप मिटलं, तसलंच दार होतं ते. ताई खिडकीशी गेल्या. जिन्याच्या तोंडाशी कॅप्टनबाई टोपी काखेत धरून उभ्या होत्या. काका गाड्यांच्या रांगांमधून नेहमीच्या चालीनं जात होते, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात डबा. कॅन्टीनपाशी ते थांबले. मान वर करून धुराड्याकडं बघितलं. धूर कुठं जातोय ते नीट बघून घेतलं, कुणाला सांगायचं असावं तसं. मग फाटकाकडं वळले.

ताईंच्या मागं पडद्यावर दुपारच्या विमानाची यादी उघडी होती. कारण निवडा. ताई बघत राहिल्या, काका फाटकाबाहेर दिसेनासे होईतो. मग खुर्चीत येऊन बसल्या, वहीचं पहिलं पान उघडलं आणि टेलिफोन ओढून घेतला.